राफ्टिंगची सहल रद्द कोण करतो, यावर विम्याचे पैसे ठरतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांच्या पुरवण्यांमध्ये खळाळत्या नद्यांवरच्या राफ्टिंग सहलींची माहिती येते, छायाचित्रे येतात, कोणत्या महिन्यात जावे हेही कधी कधी येते. मात्र अशा सहलीसाठी महिनोन्‌महिने आधी भरलेले पैसे सहल बुडाली तर कोणाकडून, किती आणि कोणत्या अटींवर परत मिळतात, याविषयी वाचकाला जवळजवळ काहीच सांगितले जात नाही. आम्हा पत्रलेखकांपैकी काही जण राफ्टिंगच्या व्यवसायात आहेत, तर काही जण प्रवास विम्याचे दावे हाताळतात. दोन्ही बाजूंनी एकच गैरसमज वारंवार समोर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

गैरसमज असा की, सहल रद्द होण्याचा विमा घेतला की सहल कशानेही रद्द होवो, पैसे परत मिळणारच. प्रत्यक्षात नेहमीच्या पॉलिसीत कारणांची एक ठरलेली यादी असते आणि त्या यादीत बसणाऱ्या कारणालाच पैसे मिळतात. प्रवाशाचे किंवा जवळच्या नातेवाइकाचे आजारपण, अपघात, मृत्यू, घराला आग किंवा पुराने राहण्याजोगे न उरणे, न्यायालयाचे समन्स, काही अटींसह नोकरी जाणे, विमान किंवा रेल्वेची सेवा खराब हवामानाने पूर्ण ठप्प होणे, अशी ही कारणे असतात. ती नीट पाहिली तर जवळपास सगळी ‘प्रवासी जाऊ शकत नाही’ या प्रकारची आहेत. ‘नदी जाऊ देत नाही’ हे कारण यादीत सहसा नसते. पाणी फार वाढले, फार उतरले, धरणातून पाणी सोडले नाही, आयोजकाला पुरेसे लोक मिळाले नाहीत, गाइड मिळाला नाही, या सगळ्यांचे पैसे आयोजकाच्या अटींप्रमाणे मिळतात किंवा मिळत नाहीत. विमा कंपनीचा तिथे संबंध येत नाही. त्यामुळे राफ्टिंगच्या ग्राहकाला दोन कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात: आयोजकाची रद्द करण्याची नियमावली आणि विम्याची पूर्ण पॉलिसी. विक्रीसाठी दिलेले दोन पानी माहितीपत्रक म्हणजे पॉलिसी नव्हे. ते वाचून घेतलेला निर्णय पुढे दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

हे दोन्ही कागद ॲडव्हान्स भरण्याच्या आधी हातात हवेत, कारण ॲडव्हान्स भरल्या दिवसापासून विम्याच्या काही मुदती सुरू होतात. त्यांच्याकडे पुढे येतोच. त्याआधी नदीविषयी.

राफ्टिंगच्या नद्यांना पाणी मुख्यतः तीन वाटांनी मिळते: वितळणाऱ्या बर्फाचे, पावसाचे आणि धरणातून सोडलेले. बर्फाच्या पाण्यावर चालणाऱ्या नद्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला उफाणतात आणि हंगामाच्या शेवटी खडक उघडे पडण्याइतक्या उतरतात. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातली सॅमन नदीची ‘मिडल फोर्क’ ही शाखा याचे चांगले उदाहरण आहे. हा सुमारे १६० किलोमीटरचा, रानातून जाणारा अनेक दिवसांचा प्रवास असतो. पाणी उतरले की वरच्या अंगाला राफ्ट खडकांत अडकू लागतात. मग आयोजक प्रवाशांना लहान विमानाने सुमारे ४० किलोमीटर खाली, इंडियन क्रीकच्या धावपट्टीवर नेतात आणि सहल तिथून सुरू करतात. सहल रद्द झालेली नसते, म्हणून विमा लागू होत नाही. त्या छोट्या विमानाचा जादा खर्च कोणी द्यायचा, हे आयोजकाच्या अटींत असते किंवा नसते. नसेल तर वाद ठरलेला.

झांबेझी नदीवर व्हिक्टोरिया धबधब्याखालच्या घळईत परिस्थिती उलट आहे. तिथला उत्तम हंगाम म्हणजे पाणी कमी असण्याचा काळ, साधारण ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंतचा. पाणी चढू लागले की वरचे रॅपिड, म्हणजे पाणी खडकांवरून उसळत जोराने धावते ते टप्पे, सोडून खालच्या टप्प्यातून राफ्ट उतरवतात आणि पूर टिपेला असताना राफ्टिंग पूर्ण थांबवतात. ग्रँड कॅन्यनमधली कोलोरॅडो नदी आणखी वेगळी. तिचे पाणी वरच्या ग्लेन कॅन्यन धरणातून ठरवून सोडले जाते, त्यामुळे त्या हंगामातल्या बर्फ-पावसावर सहल तेवढी अवलंबून नसते. म्हणजे कोणत्या नदीवर, कोणत्या महिन्यात जायचे हे ठरवतानाच पैसे बुडण्याची शक्यता बऱ्याच अंशी ठरून जाते. हंगामाच्या दोन्ही टोकांना सहल स्वस्त मिळते ती याच कारणाने. त्या स्वस्ताईतली जोखीम विमा कंपनी स्वतःकडे घेत नाही.

म्हणून आयोजकाला पुढचे प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच घ्यावे. पाण्याची कोणती वरची आणि खालची पातळी गाठली की तुम्ही राफ्ट उतरवत नाही? चांगल्या आयोजकाकडे हा आकडा तयार असतो, सेकंदाला इतके घनफूट किंवा घनमीटर अशा स्वरूपात किंवा काठावरच्या मोजपट्टीच्या खुणेत. (एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ घनफूट. दोन आयोजकांचे आकडे ताडून पाहताना हे लक्षात ठेवावे.) त्या पातळीच्या बाहेर गेल्यास रोख परतावा देता, पुढची तारीख देता की दुसऱ्या नदीवर नेता? दुसऱ्या नदीवर यायला मी नकार दिला, तर ते माझे रद्द करणे धरता की तुमचे? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो. बहुतेक नियमावल्यांत आयोजक नदी, टप्पा किंवा उतरण्याची जागा बदलू शकतो आणि तसे बदलूनही सहल पार पडली असे मानले जाते. प्रवाशाने नकार दिला तर त्याने आपणहून रद्द केल्याची नोंद होते आणि निघण्याच्या इतक्या जवळ रद्द केल्याने एक पैसाही परत मिळत नाही. विमा कंपनीही देत नाही, कारण बदललेली नदी पसंत नसणे हे यादीतले कारण नाही.

खराब हवामानाच्या कलमाचाही असाच घोळ होतो. ‘हवामानामुळे रद्द’ हे शब्द पाहून ग्राहक निर्धास्त होतो. पण कलम पूर्ण वाचले तर त्यात बहुधा सार्वजनिक वाहतूक सेवा सलग अमुक तास, अनेकदा २४ किंवा ४८ तास, पूर्णपणे बंद पडण्याची अट असते. राफ्टिंगचा आयोजक ही सार्वजनिक वाहतूक सेवा धरली जात नाही. वादळाने विमानतळ दोन दिवस बंद पडला तर दावा बसू शकतो. त्याच वादळाने नदीला लोंढा आला, विमाने मात्र उडत राहिली, तर बसत नाही. वणव्याचेही तेच आहे. मुक्कामाची जागा राहण्याजोगी उरली नाही किंवा सरकारने सक्तीने परिसर रिकामा केला, तर काही पॉलिसी पैसे देतात. धुरामुळे जावेसे वाटत नाही म्हणून कोणीही देत नाही. आणि वणवा किंवा वादळ जाहीर झाल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत त्या घटनेपुरते संरक्षण नसतेच, कारण घटना आधीच माहीत झालेली असते.

आता पैशांचा हिशोब. तो बसून, कागदावर मांडावा. अनेक दिवसांच्या राफ्टिंग सहलीत बुकिंगच्या वेळी ॲडव्हान्स आणि निघण्याच्या साधारण ६० ते ९० दिवस आधी उरलेली सगळी रक्कम, असा प्रघात आहे. त्यानंतर रद्द केल्यास बहुधा काहीच परत मिळत नाही. शिवाय विमानाचे तिकीट, आदल्या आणि शेवटच्या रात्रीचा मुक्काम, नदीच्या परवान्याचे शुल्क, नदीच्या सुरुवातीपर्यंतची गाडी किंवा छोटे विमान, वेटसूट आणि तंबूचे भाडे असे खर्च येतात. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: किती भरले, कधी भरले, आणि कोणत्या तारखेपर्यंत रद्द केल्यास किती परत. आधी भरलेली आणि परत न मिळणारी, या दोन्ही अटींत बसणारी रक्कम तेवढी विम्यात धरायची. दोन दिवस आधीपर्यंत विनाशुल्क रद्द करता येणारे हॉटेल त्यात घालून हप्ता वाढवण्यात अर्थ नाही, कारण तो दावा कधी बसणारच नाही. समजा एकूण खर्चाचे १०० भाग केले आणि त्यांत राफ्टिंग ६०, विमान ३०, हॉटेल १० असे वाटप आले. हॉटेल परत करता येण्याजोगे आणि विमान परत न मिळणारे असेल, तर विमा ९० भागांचा.

मात्र रक्कम मुद्दाम कमी दाखवणेही घातक ठरते. काही महत्त्वाच्या सवलती, ज्यांचा उल्लेख पुढे आहे, परत न मिळणाऱ्या खर्चाचा १०० टक्के विमा उतरवला असेल तरच लागू होतात. बुकिंगच्या दिवशी फक्त ॲडव्हान्सचा विमा घेतला असेल, तर उरलेली रक्कम भरल्यावर ठरलेल्या दिवसांत ती पॉलिसीत वाढवून घ्यावी लागते. हे विसरल्याने चांगली पॉलिसी निकामी होते. विमानाची तिकिटे मागाहून घेतली तर तीही कळवायची. सहल रद्द होण्याचे संरक्षण असलेल्या सर्वसमावेशक पॉलिसीचा हप्ता साधारणपणे विमा उतरवलेल्या खर्चाच्या ४ ते १० टक्के असतो आणि वय वाढेल तसा चढत जातो.

पॉलिसी कधी घ्यावी? ॲडव्हान्स भरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत. निघण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत पॉलिसी विकत मिळते हे खरे, पण तोवर तिच्यातला सगळ्यात मोलाचा भाग निघून गेलेला असतो. पूर्वीपासूनच्या आजारांना बहुतेक पॉलिसी वगळतात. वगळायचे की नाही हे ठरवण्यासाठी पॉलिसी घेतल्याच्या तारखेच्या आधीचे ६० ते १८० दिवस तपासले जातात. त्या काळात एखाद्या दुखण्यासाठी डॉक्टरांकडे गेलात, तपासणी सुचवली गेली किंवा औषध बदलले, तर ते दुखणे पूर्वीचे ठरू शकते. औषधाचा डोस कमी केला तरी कित्येक पॉलिसींत तो बदलच धरला जातो, हे फार थोड्यांना माहीत असते. अनेक कंपन्या हा अपवाद उठवतात, पण त्यासाठी पहिली रक्कम भरल्यापासून १४ ते २१ दिवसांत पॉलिसी घेतलेली असावी, खर्चाचा पूर्ण विमा असावा आणि घेताना प्रवासी प्रवासाला तंदुरुस्त असावा, अशा अटी असतात. हा अपवाद फक्त प्रवाशाच्या आजारापुरता नसतो. घरी राहणाऱ्या वृद्ध आईवडिलांच्या जुन्या हृदयविकाराने सहल रद्द करावी लागली, तरी हेच कलम आडवे येते. राफ्टिंगला जाणाऱ्यांत खांदा निखळण्याचा किंवा पाठीचा जुना त्रास असलेले बरेच असतात. फिजिओथेरपी चालू असेल तर या मुदतीकडे दुर्लक्ष करू नये.

गरोदरपणाचा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण गरोदर स्त्रीला आयोजक राफ्टवर घेत नाहीत. पॉलिसी घेतल्यानंतर गरोदरपण कळले तर काही कंपन्या रद्द करण्याचे कारण म्हणून ते मान्य करतात. पण अनेकांच्या लेखी सुरळीत चाललेले गरोदरपण हे आजारपण नसते आणि केवळ गुंतागुंत झाली तरच दावा चालतो. तशी शक्यता असलेल्या जोडप्याने हे कलम आधी शोधून वाचावे.

‘कोणत्याही कारणाने रद्द’ असे एक जोडकवच काही देशांत विकले जाते. ते मिळत असेल तर राफ्टिंगसाठी त्याचा गांभीर्याने विचार करावा असे आमचे मत आहे, कारण पाणी उतरले किंवा चढले म्हणून जायचे नाही, हा निर्णय पैशांसह घेण्याचा तोच एक मार्ग आहे. त्याने हप्ता साधारण निम्म्याने वाढतो. मिळतात ते पूर्ण पैसे नव्हेत, ५० ते ७५ टक्के. पहिली रक्कम भरल्यापासून १४ ते २१ दिवसांत ते घ्यावे लागते, खर्चाचा १०० टक्के विमा लागतो आणि सहल निघण्याच्या किमान ४८ तास आधी रद्द करावी लागते. या ४८ तासांचा नदीशी कसा मेळ बसतो ते पाहा. पाण्याचा अंदाज शेवटच्या दोन दिवसांतच नीट कळतो आणि आयोजकही निर्णय बहुधा तेव्हाच घेतो. म्हणजे प्रवाशाला आयोजकाच्या आधी ठरवावे लागते. त्यासाठी निघण्याच्या आठवडाभर आधीपासून नदीच्या पातळीचे रोजचे आकडे पाहावेत. अनेक नद्यांचे आकडे सरकारी जलविज्ञान खाती उघडपणे देतात. आयोजकाने दिलेल्या वरच्या-खालच्या मर्यादेशी ते ताडून तीन दिवस आधी फोन करावा. आणखी एक खाच आहे. हे कवच प्रवाशाने रद्द करण्यासाठी असते. आयोजकाने सहल आधीच रद्द केली असेल, तर ते लागू होईलच असे नाही. तेही पॉलिसीत पाहावे.

आजारपण आणि अपघाताच्या खर्चाचा भाग राफ्टिंगमध्ये आणखी नाजूक आहे. रॅपिडची अवघडता आंतरराष्ट्रीय मापनात एक ते सहा अशा श्रेणींत सांगितली जाते. एक म्हणजे हलक्या लाटांचे वाहते पाणी आणि सहा म्हणजे जवळजवळ न करण्याजोगे. व्यावसायिक सहली बहुतेक तीन आणि चारच्या असतात, काही पाचच्या. पॉलिसी कधी राफ्टिंग सरसकट वगळते, कधी तीन किंवा चार श्रेणीपर्यंतच धरते, कधी परवानाधारक गाइडसोबत असल्याची अट घालते. अडचण अशी की श्रेणी ही दगडावर कोरलेली नसते. तोच रॅपिड जास्त पाण्यात एक पायरी वर जातो. माहितीपत्रकात ‘तीन ते चार अधिक’ (म्हणजे चारहून थोडी वर) असे लिहिले असेल आणि पॉलिसी चारपर्यंतच असेल, तर अपघातानंतर वाद होणार. अशा वेळी साहसी खेळांचा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडायचे जादा कवच, घ्यावा आणि विमा कंपनीला नदीचे नाव, टप्पा आणि आयोजकाने छापलेली सर्वोच्च श्रेणी कळवून ‘हे पॉलिसीत येते का’ याचे उत्तर ईमेलवर घ्यावे. फोनवर मिळालेला होकार पुढे सापडत नाही.

वगळलेल्या खेळांचे कलम फक्त दवाखान्याच्या बिलापुरते असते, असे समजू नये. कित्येक पॉलिसींत ते सगळ्याच विभागांना लागू असते. सहलीच्या तयारीसाठी प्रस्तरारोहणाचा सराव करताना पाय मोडला आणि राफ्टिंग रद्द करावे लागले, तर पाय मोडण्याचे कारण वगळलेला खेळ म्हणून रद्द करण्याचाही दावा फेटाळला जाऊ शकतो. सहलीच्या दुसऱ्या दिवशी राफ्टवरून पडून मनगट मोडले आणि परतावे लागले, तर सहल अर्धवट सोडण्याच्या दाव्याचेही तेच. दारू पिऊन झालेला अपघात तर सर्वत्र वगळलेला असतो. रात्री काठावरच्या मुक्कामात पडल्यानेही या कलमाखाली दावे बुडतात.

सहल अर्धवट सोडावी लागण्याचे संरक्षण बहुधा खर्चाच्या १०० ते १५० टक्क्यांपर्यंत असते. वरचे ५० टक्के असतात ते अचानक परतण्याच्या जादा तिकिटांसाठी. घळईतल्या नदीवर ते खरोखर लागतात, कारण मधेच उतरून रस्त्याला लागण्याची सोय नसते. ग्रँड कॅन्यनमध्ये लीज फेरीपासून डायमंड क्रीकपर्यंतचा प्रवास ३६० किलोमीटरच्या वर आहे. अर्धी सहल करणारे प्रवासी मध्यावर फँटम रँचजवळ उतरतात आणि सुमारे १५ किलोमीटरची, जवळपास १,४०० मीटर चढणीची वाट पायी चढतात. गुडघा सुजलेल्या माणसाला ते शक्य नसते. मग हेलिकॉप्टर येते. इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माणूस शोधून सुरक्षित जागी आणणे हे शोध आणि बचाव कार्य झाले, तर उपचारांसाठी योग्य रुग्णालयापर्यंत नेणे ही वैद्यकीय हलवाहलव झाली. दुसऱ्याचे पैसे पॉलिसी देते, पहिल्याचे अनेकदा देत नाही किंवा फार थोडे देते. शिवाय हलवण्याचा निर्णय विमा कंपनीच्या मदत केंद्रामार्फत घ्यावा, अशी अट असते. नदीवर मोबाइल चालत नाही. म्हणून पॉलिसी क्रमांक आणि मदत केंद्राचा चोवीस तास चालणारा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून, पहिल्याच दिवशी मुख्य गाइडकडे द्यावा. उपग्रह फोन त्याच्याकडे असतो. जीव धोक्यात असेल तर गाइड आधी बचाव पथकाला बोलावेल आणि ते योग्यच आहे. मदत केंद्राला मात्र त्यानंतर शक्य तितक्या लवकर कळवावे.

पोहोचायला उशीर झाला तर राफ्टिंगची सहल मागाहून गाठता येत नाही. राफ्ट सकाळी निघून जातात आणि पुढे रस्ता नसतो. विमान चुकण्याच्या कलमात बहुधा किमान तीन तास किंवा त्याहून जास्त उशिराची अट असते. दोन तासांच्या उशिराने जोड विमान चुकले तर काहीच मिळत नाही. त्यामुळे निदान एक रात्र आधी पोहोचणे हे कोणत्याही पॉलिसीपेक्षा भरवशाचे आहे. शक्य असेल तर दोन.

गटाने जाणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे एकाने सगळ्यांचे पैसे भरायचे आणि पावती त्याच्याच नावावर घ्यायची. दाव्याच्या वेळी प्रत्येकाला आपले नुकसान सिद्ध करावे लागते. आयोजकाकडून प्रत्येकाच्या नावाची स्वतंत्र पावती मागावी आणि ज्याने आगाऊ पैसे भरले त्याला आपला वाटा बँकेतून पाठवावा, म्हणजे नोंद राहते. सोबतचा प्रवासी आजारी पडल्याने आपलीही सहल रद्द झाली, हे कारण पॉलिसी मानते, पण सोबती कोणाला म्हणायचे याची व्याख्या तिच्यात असते. बऱ्याच पॉलिसींत गटाचा म्होरक्या किंवा सहलप्रमुख, तो तुमच्याच खोलीत राहणार नसेल तर, सोबती धरला जात नाही. आठ जणांच्या राफ्टमधून एक जण गळाला आणि उरलेल्यांचा दरडोई खर्च वाढला, तर तो वाढीव खर्च मिळेलच असे नाही. नातेवाइकांची यादीही पाहावी. मामा, काकू, चुलतभाऊ प्रत्येक पॉलिसीत असतातच असे नाही.

आयोजकाच्याच बुकिंगमध्ये खूण करून मिळणारा विमा घेण्याआधी एक पाहावे: आयोजक दिवाळखोरीत गेला तर काय? आर्थिक डबघाईचे संरक्षण पॉलिसीत असले, तरी ज्याच्याकडून पॉलिसी घेतली त्याचीच दिवाळखोरी सहसा वगळलेली असते. बाहेरून घेतलेल्या पॉलिसीतही हे संरक्षण लागू होण्यास १० ते १४ दिवसांचा प्रतीक्षाकाळ असतो आणि कार्यालय नुसते बंद होणे पुरत नाही, दिवाळखोरीच हवी, असे कलम असू शकते. ॲडव्हान्स क्रेडिट कार्डाने भरणे म्हणूनही बरे, कारण न मिळालेल्या सेवेबद्दल बँकेकडे आक्षेप नोंदवण्याची वाट राहते.

एका दिवसाच्या, आदल्या दिवशीपर्यंत रद्द करता येणाऱ्या राफ्टिंगसाठी रद्द होण्याचा विमा घेण्याची गरज नाही. तिथे अपघाताचे संरक्षण पुरे. आयोजक आपली जागा दुसऱ्याच्या नावावर करू देत असेल किंवा एकदा विनाशुल्क तारीख बदलू देत असेल, तरीही विम्याचा विचार पुन्हा करावा. नावबदलाची सवलत हाती असेल तर विमा न घेणेही शहाणपणाचे ठरू शकते.

आता दाव्याविषयी. कारण घडले की त्याच दिवशी आयोजकाला, विमान कंपनीला आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. ७२ तासांची मर्यादा सर्रास असते आणि उशिरामुळे आयोजकाकडून मिळणारा परतावा कमी झाला तर तेवढी रक्कम दाव्यातून कापली जाते. आजारपण असेल तर रद्द करण्याच्या आधी डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासलेले असावे आणि ‘या तारखांना प्रवास करू नये’ असा सल्ला तारखेसह लिहिलेला असावा. सहल रद्द केल्यावर आठवड्याने घेतलेले प्रमाणपत्र हे दावे फेटाळण्याचे एक नेहमीचे कारण आहे. नुसते ‘विश्रांती घ्यावी’ हे पुरत नाही. सोबत पावत्या, पैसे भरल्याच्या बँकेच्या नोंदी, बुकिंगच्या तारखेची आयोजकाची नियमावली आणि ‘एकूण इतके भरले, इतके परत दिले, इतके परत देय नाही’ असे आयोजकाचे सहीचे पत्र जोडावे. हे पत्र मिळवायला वेळ लागतो, म्हणून रद्द करतानाच मागावे.

आयोजक रोख रकमेऐवजी पुढच्या हंगामाचे क्रेडिट देऊ करतो तेव्हा घाईने हो म्हणू नये. ते स्वीकारले की विमा कंपनीच्या लेखी तुमचे तेवढे नुकसान झालेलेच नाही. पुढच्या वर्षी जाणे नक्की असेल तर क्रेडिट चांगले. नसेल तर आधी विमा कंपनीला विचारून मगच उत्तर द्यावे. दावा फेटाळला गेला तर कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागावे. त्या कलमाचा आकडा घेऊन कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि तिथे दाद न लागल्यास विमा लोकपाल किंवा नियामकाकडे मुदतीत जाता येते. पहिल्या नकारात पुष्कळदा फक्त एखादा कागद कमी असतो.

शेवटी आपल्याला एक विनंती आहे. राफ्टिंगच्या सहलींवर यापुढे मजकूर छापताना त्या टप्प्याची सर्वोच्च श्रेणी, पाण्यामुळे राफ्टिंग बंद राहण्याचे महिने आणि आयोजक रद्द करील तेव्हा रोख मिळते की क्रेडिट, या तीन ओळी चौकटीत द्याव्यात. आयोजकांकडे ही माहिती असते. वृत्तपत्राने विचारली तर ते नाकारणार नाहीत.

आपले,
राफ्टिंग आणि प्रवास विमा क्षेत्रात काम करणारे काही वाचक